खिडकीबाहेरचे उष्टे

भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंधा घाटात, वाघजाईच्या देवळापाशी चहा-भजी घेऊन मार्गस्थ होणाऱ्या मोटारींतून प्लॅस्टिकची पिशवी बाहेर पडली, तर पाहणाऱ्याच्या कपाळाला निदान आठी तरी पडते. परंतु केळ्याची साल अथवा अर्धवट खाल्लेले मक्याचे कणीस भिरकावणाऱ्या सद्गृहस्थास आपल्या हातून काही गैर घडले, अशी शंकासुद्धा शिवत नाही. ‘कुजून जाईल, झाडांना खत होईल,’ हे समर्थन तयारच असते. आमच्या मोटारीतल्या आत्याबाईंनी तर त्यास मुक्या जिवाच्या मुखी घास घातल्याचे पुण्यही जोडून दिले.

वास्तविक कुजणे ही काही वाटेल तेथे आपोआप उरकणारी क्रिया नव्हे. शेतकरी उकिरड्यास जागा नेमून देतो. तेथे ओल, ऊब, हवा आणि असंख्य सूक्ष्म जीव एकत्र नांदतात, म्हणून खत होते. डांबराच्या तापल्या कडेला पडलेली साल वाळून चामड्यासारखी चिवट होते, आणि संत्र्याच्या सालीत किड्यांना नकोसे वाटणारे तेल असल्याने ती अधिकच रेंगाळते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर कचरा टाकण्यास जी मनाई केली, तीतही ओल्या कचऱ्यास मुभा ठेवलेली नव्हती.

आणि खत होण्याची वाट पाहतो कोण? रात्री या उष्ट्यावर उंदीर जमतात, उंदरांवर झडप घालण्यास घुबड खाली उतरते, आणि नेमके त्याच वेळी वळणावरून दिव्यांचा झोत येतो. दिवसा माकडे असतात. डोक्यावर टोपीसारखे केस असलेली, मूळची दक्षिण भारतातलीच ही जात. फळे, कोवळी पाने, किडे यांसाठी रानभर हिंडावे आणि हिंडता हिंडता बिया दूरवर पेराव्यात, हा तिचा शिरस्ता. रानात ज्यासाठी प्रहरभर खपावे लागते, ते कठड्यावर बसल्या जागी मिळू लागले, की रानाची वाट कोण धरणार?

त्या दिवशी आत्याबाईंनी टाकलेली साल रस्त्याच्या मधोमध पडली. पोटाशी पिलू धरलेली एक माकडीण कठड्यावरून उतरली; समोरून येणाऱ्या ट्रकने करकचून ब्रेक दाबला, तरी तिने साल गालाच्या पिशवीत कोंबल्यावाचून पाऊल हलविले नाही.

“बघितलंस? भीती म्हणून नाही!” आत्याबाई कौतुकाने म्हणाल्या, आणि दुसरे केळे सोलू लागल्या.