रक्तपेढीतले कुळीथ

कुळीथ, राजमा, अबई यांच्या दाण्यांत लेक्टिन नावाची प्रथिने असतात. आहाराच्या चर्चेत ती बदनाम. प्रयोगशाळा मात्र ती पैसे मोजून विकत घेतात. दोन्हींमागे गुण एकच: पेशीवरची ठरावीक शर्करा ओळखून तिला चिकटणे.

गैरसमज : लेक्टिन म्हणजे विष.
वस्तुस्थिती : एरंडीतले रायसिन जहाल विष आहेच, पण सगळ्यांना एका माळेत ओवता येत नाही. कच्च्या राजम्यातल्या फायटोहिमॅग्लुटिनिनने उलट्या-जुलाब होतात. राजमा भिजवून खळखळून उकळला की ते निकामी होते. हेच प्रथिन रक्ताच्या नमुन्यात मिसळले, तर लिम्फोसाइट पेशी विभाजित होऊ लागतात, हे पीटर नॉवेल यांनी १९६० साली दाखवले. गुणसूत्रे विभाजनाच्या वेळीच नीट दिसतात. म्हणून गुणसूत्रांच्या (कॅरिओटाइप) तपासणीत रक्तपेशी साधारण ७२ तास वाढवताना ते आजही वापरतात.

गैरसमज : लेक्टिनमुळे रक्त गोठते.
वस्तुस्थिती : रक्त गोठताना फायब्रिनचे जाळे बनते. लेक्टिनचे काम वेगळे आहे. त्याच्या रेणूला शर्करा पकडण्याच्या एकाहून अधिक जागा असल्याने शेजारच्या लाल पेशी एकमेकींना जोडल्या जातात. हे परीक्षानळीत घडते. कुळथाचे पिठले खाऊन नव्हे.

गैरसमज : लेक्टिन ही वनस्पतीची अँटीबॉडी.
वस्तुस्थिती : अँटीबॉडी प्राण्यांची रोगप्रतिकारशक्ती तयार करते, लेक्टिन बीजात उपजतच असते. तरीही रक्तपेढीत ते अँटीबॉडीसारखे कामी येते. कुळथाचा अर्क ‘ए’ गटाच्या पेशी ओळखतो, हे जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली ‘करंट सायन्स’मध्ये मांडले. योग्य प्रमाणात पातळ केलेला अर्क ‘ए’च्या ‘ए-१’ या उपगटातल्या पेशींच्या गुठळ्या करतो, ‘ए-२’ उपगटाच्या नाही. काही ‘ए-२’ व्यक्तींच्या रक्तात ‘ए-१’विरोधी अँटीबॉडी असते आणि रक्तगटाचे निकाल जुळत नाहीत. तिथे ही चाचणी कोडे सोडवते.

गैरसमज : कुठल्याही शेंगेचे लेक्टिन चालते.
वस्तुस्थिती : जेम्स समनर यांनी १९१९ साली अबईच्या कुळातल्या जॅक बीनमधून वेगळे केलेले कॉन्कॅनॅव्हॅलिन-ए मॅनोज आणि ग्लुकोज पकडते, तेही कॅल्शियम व मँगनीज असेल तरच. ते मण्यांवर बसवून मिश्रणातून मॅनोजयुक्त ग्लायकोप्रथिने गाळून घेतात. कुळथाचे लेक्टिन वेगळीच शर्करा धरते: एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसमाइन.

गैरसमज : मग घरी कुळीथ वाटूनही रक्तगट कळेल.
वस्तुस्थिती : अर्क तीव्र राहिला, तर तो ‘ए-२’ पेशीही चिकटवतो आणि निकाल चुकतो. म्हणूनच तो किती पातळ करायचा हे काटेकोर ठरवतात आणि ‘ए-१’ व ‘ए-२’च्या माहीत असलेल्या पेशींवर आधी पडताळून पाहतात.