खड्डा खालून तयार होतो

पिंपरी-चिंचवडमध्ये पावसाळा लागला की एकच बोलणं कानावर येतं : "चार दिवसांपूर्वी बुजवलेला खड्डा पुन्हा उखडला. पावसापुढे कोण काय करणार?" यातला वैताग रास्त आहे, निदान मात्र अर्धवट.

नुसत्या पावसाने खड्डा पडत नाही. आधी डांबरात बारीक भेग पडते, तिच्यातून पाणी खडीत उतरतं आणि डांबर खडीला सोडतं. वरून चाक गेलं की अडकलेलं पाणी दाबाने बारीक माती घेऊन बाहेर येतं. खाली पोकळी होते आणि वरचा थर तुटतो. म्हणूनच खड्डे पुन्हा पुन्हा त्याच जागी दिसतात : चेंबरच्या कडेला, केबलसाठी खोदलेल्या चरावर, तुंबलेल्या पावसाळी गटाराशेजारी. भोसरी-चाकण पट्ट्यात त्यात जड वाहनांची भर. ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते.

"पावसात दुरुस्ती होतच नाही," हेही खरं नाही. गरम डांबर ओल्या जागी नीट चिकटत नाही, पण अशा वेळी कोल्ड मिक्स, म्हणजे गरम न करता वापरायचं तयार डांबरी मिश्रण, वापरता येतं. तयार मिश्रणाने खड्डे भरण्याची मानकं इंडियन रोड्स काँग्रेसने २०१४ मध्येच काढली आहेत. त्याऐवजी मुरूम टाकला तर दोन दिवसांत चिखल. नीट काम ओळखणं सोपं आहे. खड्ड्याच्या कडा चौकोनी, उभ्या कापलेल्या असतात. आतला गाळ, पाणी काढलेलं असतं. तळाला आणि कडांना डांबराचं इमल्शन मारतात. ते आधी तपकिरी दिसतं, मग काळं पडतं. त्यावर मिश्रण आणि रोलर. कडा न कापता टोपलीभर माल ओतून फावड्याने थोपटला असेल, तर ते काम टिकणार नाही.

रस्ता खचणं हे वेगळंच दुखणं. जमिनीखालची ड्रेनेज किंवा पाण्याची लाइन फुटली की भोवतालची माती वाहून जाते, वरचा रस्ता मात्र काही काळ शाबूत दिसतो. आत पोकळी असली की काय होतं, ते २० सप्टेंबर २०२४ रोजी पुण्यात सिटी पोस्टाच्या आवारात दिसलं : जमीन खचली आणि महापालिकेचा ट्रक अख्खा आत गेला. चालक बचावला. कोरड्या दिवसात चेंबरभोवती ओल, गोलाकार भेग किंवा खोलगटपणा दिसला तर तो साधा खड्डा समजू नका. तिथे लाइन दुरुस्त केल्याशिवाय भराव टाकून उपयोग नाही.

आणि प्रत्येक खड्डा महापालिकेचा नसतो. पुणे-नाशिक महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, हिंजवडी आयटी पार्कमधले रस्ते एमआयडीसीकडे, चाकण गावातले नगरपरिषदेकडे. पण "आमची हद्द नाही" म्हणून कुणालाच सुटता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये रस्ते सांभाळणाऱ्या यंत्रणांना बजावलं : खड्डा लक्षात आणून दिल्यापासून ४८ तासांत दुरुस्ती, खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई, आणि ही रक्कम दोषी अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल करायची.

म्हणून शेजाऱ्याकडे कुरकुर करून थांबू नका. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत तिच्या 'सारथी' हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तारीख-वेळेसह फोटो काढा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. खड्डा कधी लक्षात आणून दिला, याचा तोच पुरावा आहे.