कामाचा हात आणि हातमोज्याची निवड

व्यापाराचा पसारा आज केवळ पेढी आणि कापडाच्या गाठी यांपुरता राहिलेला नाही. कोणाचे लोखंडी पत्र्याचे गोदाम आहे, कोणाचे रंग व रसायनांचे दुकान, तर कोणाचे बेळगावच्या उद्यमबागेसारख्या वसाहतीत ओतकाम चालते. या सर्व ठिकाणी भांडवल मालकाचे असले तरी हात कामगाराचा असतो. मालाची पारख करताना आपण दाणा दाणा पाहतो. परंतु कामगारांसाठी हातमोजे घ्यावयाचे झाले की ‘स्वस्तातले दोन डझन पाठवा’ एवढाच निरोप धाडतो. या रीतीचा थोडा विचार व्हावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हातमोजा घातला म्हणजे हात सुरक्षित झाला, ही समजूत किती घातक आहे हे अमेरिकेतील एका घटनेवरून दिसून येते. डार्टमथ महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या द्रव्याचे काही थेंब सांडले. हातात रबराचा पातळ हातमोजा होता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे दक्षताही पुरेशी होती. तथापि ते विष रबरातून आत झिरपले आणि ८ जून १९९७ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे केलेल्या चाचणीत हे द्रव्य तसल्या रबरातून १५ सेकंदांच्या आत आरपार जाते असे आढळले. हातमोजा होता, परंतु त्या कामाचा नव्हता. म्हणून ‘हातमोजा आहे काय?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘तो कशापासून रक्षण करणारा आहे?’ हा खरा प्रश्न होय.

आपल्या नित्याच्या कामांचा या दृष्टीने विचार करू.

रंग, तेल व रसायने : नैसर्गिक रबर पाण्यात विरलेल्या आम्लांना व क्षारांना बऱ्यापैकी तोंड देते, परंतु तेल, पेट्रोल यांच्यापुढे ते फुगते व खराब होते. तेथे नायट्राइल उपयोगी पडते. परंतु हेच नायट्राइल ॲसिटोनपुढे टिकत नाही. तेथे ब्यूटिल रबर हवे. सुती हातमोजा तर रसायनाच्या कामी अपायकारकच, कारण तो द्रव शोषून त्वचेशी धरून ठेवतो. ओल्या सिमेंटच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवावे.

पत्रा, काच व धारदार वस्तू : येथे कापण्यास विरोध करणारा विणीचा हातमोजा पाहिजे. स्टेफनी क्वोलेक यांच्या १९६५ च्या संशोधनातून निघालेला केवलार धागा याच कामी येतो. चामड्याचा वापर ज्यांना धर्मदृष्ट्या नकोसा वाटतो, अशा आपल्या बंधूंना पुष्कळ कामांत हा चांगला पर्याय आहे. मात्र चामडे टाळावयाचे म्हणून कामगाराच्या हाती पातळ सुती मोजा देणे, ही अहिंसा नव्हे.

उष्ण काम : तापल्या वस्तूसाठी जाड, उष्णतारोधक व कोरडा हातमोजाच वापरावा. ओला झाल्यास आतील पाण्याची वाफ होऊन हात भाजतो.

वीज : येथे चाचणी झालेले खास रबरी हातमोजेच चालतात. ‘०’ वर्गाचे हातमोजे १,००० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी असतात. प्रत्येक वेळी त्यांत हवा कोंडून बारीक छिद्र नाही ना, हे पाहावे.

आता उलट बाजू. फिरत्या ड्रिलवर किंवा लेथवर हातमोजा घालणे हेच संकट आहे. बोटाचे टोक अडकले की हातमोजा सबंध हात आत ओढून नेतो. तेथे यंत्रावरील जाळी आणि घट्ट बाह्यांचा पोशाख हेच संरक्षण होय.

खरेदीच्या वेळी हातमोज्यावरील छाप अवश्य वाचावी. युरोपीय मानक ईएन ३८८ च्या हातोडीच्या चिन्हाखालील पहिले चार आकडे अनुक्रमे घर्षण, काप, फाटणे व टोचणे यांना असलेला विरोध दर्शवितात. त्यापुढील ए ते एफ हे अक्षर कापण्याची अधिक कसून घेतलेली परीक्षा सांगते. ‘एक्स’ असल्यास ती चाचणी झालेली नाही असे समजावे. रसायनांच्या चिन्हाखाली ‘के’ असल्यास ४० टक्के कॉस्टिक सोडा आणि ‘एल’ असल्यास ९६ टक्के गंधकाम्ल यांची परीक्षा झालेली असते. माप घेताना अंगठा सोडून तळहाताचा घेर इंचांत मोजावा. ८ इंचांच्या घेरास साधारणतः ८ क्रमांक बसतो. सैल हातमोज्यात पकड सुटते, घट्ट हातमोज्यात बोटे अवघडतात, आणि दोन्ही प्रकारांत कामगार तो काढून बाजूस ठेवतो. म्हणून निवडीच्या वेळी त्याचेही मत घ्यावे, आणि फाटलेला हातमोजा विनातक्रार बदलून द्यावा.

हातमोज्याची किंमत खर्चाच्या वहीत एका ओळीत मावते. परंतु गमावलेल्या बोटाची भरपाई कोणत्याही खात्यात जमा करता येत नाही. ज्याच्या कष्टावर आपली पेढी उभी आहे, त्याच्या हाताची काळजी वाहणे हा केवळ कायद्याचा नव्हे, तर सचोटीच्या व्यापाराचाही भाग आहे. सभासद बंधूंनी आगामी खरेदीपूर्वी आपल्या गोदामातील हातमोजे एकवार स्वतः हाती घेऊन पाहावेत, एवढीच विनंती.