डास आणि भ्रमणध्वनी

मुलांनो, दिवेलागणीच्या वेळी नागाव, चौल किंवा रेवदंडा येथील एखाद्या नारळी-पोफळींच्या वाडीत क्षणभर उभे राहा. खारा वारा पडला, की झाडांखालून डासांचे थवे गुणगुणत येतात. दाट सावली आणि शिंपणाचे पाणी. डासांस याहून अधिक काय हवे?

या उपद्रवावर अलीकडे एक सोपा उपाय सांगितला जातो. भ्रमणध्वनीवर एक ॲप चालू करून तो उशाशी ठेवावा; त्यातून आपणांस ऐकू न येणारा ध्वनी निघतो व डास पळतात! हा ध्वनी म्हणे नर डासाच्या पंखांचा असतो, आणि रक्त पिणारी मादी नराला टाळते.

या म्हणण्यात मोठी गमतीची विसंगती आहे. मनुष्याला सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. मादीचे पंख सेकंदास सुमारे ४०० ते ६०० वेळा हलतात. नराचे पंख याहून जलद हलत असले, तरी त्यांचा नाद आपल्या श्रवणमर्यादेच्या पुष्कळच आत राहतो. मग जो ध्वनी ऐकूच येत नाही, तो नर डासाचा कसा असेल? शिवाय तीक्ष्ण श्रवणशक्ती आहे ती नराची. मादीच्या पंखांचा नाद ऐकून तोच तिच्याकडे जातो. मादी आपणांस शोधते, ती श्वासातील कार्बन डायऑक्साइड, अंगाचा गंध व ऊब यांच्या मागाने. ॲप यांपैकी काय झाकणार?

पण नुसत्या तर्कावर विसंबू नये. असा ध्वनी काढणाऱ्या छोट्या विद्युत् यंत्रांच्या १० चाचण्यांचा एकत्रित आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. यंत्र चालू असताना व बंद असताना माणसांच्या उघड्या अंगावर किती डास बसतात, हे या चाचण्यांत मोजले होते. एकाही चाचणीत डास कमी झाले नाहीत. ॲपचे तत्त्व तेच आहे.

ॲप फुकट मिळते, मग हानी कोणती, असे कोणी विचारील. त्याच्या भरवशावर मच्छरदाणी गुंडाळून ठेवली, तर हानी मोठीच! डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी आढळले. तो डास रात्री चावतो. डेंग्यूचा डास तर दिवसाढवळ्या चावतो, आणि त्याला वाढण्यास पावसात उताणी पडलेली एक करवंटीही पुरते. अंड्यापासून डास होण्यास साधारणपणे आठ-दहा दिवस लागतात. म्हणून वाडीतील करवंट्या, फुटके डबे व जुने टायर आठवड्यातून एकदा तरी पालथे करावे लागतात. विहीर मात्र पालथी करता येत नाही; तिच्यात गप्पी मासे सोडतात. ते डासांच्या अळ्या मोठ्या आवडीने खातात.