गुरुजींचा पगार, ग्रामपंचायतीचा निधी : खरा आकडा कुठे बघायचा?

फुलसावंगी (ता. महागाव) : पारावर बसलं की दोन विषय हमखास निघतात, गुरुजींचा पगार आणि ग्रामपंचायतीचा निधी. ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळा आकडा. खरं तर हे आकडे सरकारी कागदावर आहेत आणि ते बघायचा हक्क आपल्यालाही आहे.

कोणाला किती मिळतं?

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सरपंचांचं मानधन दुप्पट केलं. २ हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या गावात महिन्याला ६ हजार, ८ हजारांपर्यंत ८ हजार आणि त्याहून मोठ्या गावात १० हजार रुपये. उपसरपंचाला अनुक्रमे २, ३ आणि ४ हजार.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाची सातव्या वेतन आयोगातली मूळ वेतनश्रेणी २९,२०० ते ९२,३०० रुपये आहे. महागाई भत्ता, घरभाडे वेगळं. पण नवीन लागलेला शिक्षणसेवक पहिली तीन वर्षं १६ हजारांच्या मानधनावर शिकवतो. म्हणजे 'सगळ्या मास्तरांना लाखभर' ही गोष्ट काही खरी नाही.

कागद मागायचा तर कोणता?

माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयाने १७ मुद्द्यांची माहिती कोणी न मागताही जाहीर करायची असते. त्यातले तीन मुद्दे लक्षात ठेवा :

• १० वा : प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचं मासिक वेतन
• ११ वा : मंजूर निधी, खर्चाचं नियोजन आणि वाटप
• १२ वा : अनुदानाच्या योजना आणि लाभार्थी

अर्जात 'अमक्या गुरुजींची सगळी माहिती द्या' असं लिहू नका, अर्ज फेटाळला जाऊ शकतो. अकोल्यातल्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नोटिसा, मालमत्ता, आयकर विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती ठरवली. त्यापेक्षा सरळ लिहा : 'कलम ४(१)(ख) मधील मुद्दा १० ची अद्ययावत प्रत द्यावी.'

अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, फक्त पुरावा जोडायचा. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. तिथंही काम झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे जाता येतं.

मोबाईलवर काय दिसतं?

'ई-ग्रामस्वराज' संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च दिसतो. कागदावरची नाली गल्लीत आहे का, हे बघायला तर आपले डोळेच पुरेत.

शाळेसाठी 'यूडायस प्लस' आहे. प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. त्यावर पट, शिक्षकसंख्या, संडास, पाणी, वीज यांची नोंद सापडते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन आणि १२० पर्यंत चार शिक्षक पाहिजेत. समजा पट १०० आहे आणि शिक्षक दोनच, तर आपल्या लेकरांचे दोन गुरुजी कमी आहेत. पगाराच्या चर्चेपेक्षा हा प्रश्न मोठा.

आकडा मिळाला, पुढं काय?

प्रिंट काढा आणि शाळा व्यवस्थापन समितीत ठेवा. तिथं ७५ टक्के सदस्य पालकच असतात. ग्रामपंचायतीचा आकडा असेल तर ग्रामसभेत विचारा आणि प्रश्न, उत्तर दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. पारावरची गप्पा हवेत जाते. इतिवृत्तात आलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.