नंबर वन गेला, तोही सव्वा मीटरने!

अप्रेझलमध्ये थोडक्यात नंबर हुकला की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. आता केबनेकाइसेची गोष्ट ऐका. स्वीडनच्या या सर्वांत उंच डोंगराला दोन शिखरं आहेत. दक्षिणेचं कायम पहिलं, उत्तरेचं दुसरं. २०१९च्या सप्टेंबरमध्ये नंबर उलटे झाले. फरक जेमतेम सव्वा मीटरचा!

झालं काय, तर उत्तर शिखर आहे खडकाचं. २०९६.८ मीटर, हलायचं नाव नाही. दक्षिण शिखराच्या डोक्यावर मात्र हिमनदीची टोपी आहे, आणि त्या टोपीसकट उंची मोजायची पद्धत. स्वीडिश मुलांनी शाळेत वर्षानुवर्षं २१११ मीटर हा आकडा घोकला. स्टॉकहोम विद्यापीठाचं तारफाला संशोधन केंद्र पायथ्याशीच आहे, १९४०च्या दशकापासून इथली मापं घेतली जातायत. २०१८च्या जुलैत उन्हाळा असा काही तापला, की एका महिन्यात चार मीटर बर्फ गेला. म्हणजे दिवसाला अर्ध्या वितेहून जास्त! २०१९मध्ये माप आलं २०९५.६, ऑगस्ट २०२१मध्ये २०९४.६. हिवाळ्यात वाऱ्याने बर्फ साचून माथा थोडा वर येतो, पण खरा हिशेब उन्हाळा संपताना होतो.

बरं, नावातही गोची आहेच. सामी भाषेतल्या या नावाचा अर्थ साधारण 'हंड्याचं शिखर'. हंड्यासारखा दिसतो तो शेजारचा तोल्पागोर्नी! नाव मुळात त्याचंच असावं, असं मानतात.

जायचंय? स्टॉकहोमहून रात्रीची ट्रेन पकडून किरुना, तिथून बसने निक्कालुओक्ता. पुढे १९ किलोमीटर चालत माउंटन स्टेशन. वाटेत तलावावर बोट मिळते, पाय थोडे वाचतात. दुसऱ्या दिवशी पश्चिमेची वाट धरा. जाऊन-येऊन दहा-बारा तास सहज लागतात. चिडवणारी गोष्ट म्हणजे विएरानवारी हा अख्खा डोंगर चढायचा, मग पलीकडे उतरून पुन्हा चढायचं. त्या मधल्या दरीचं नाव काफेदालेन, चक्क कॉफीची दरी! थर्मास तिथेच उघडा. जूनमध्ये आणि जुलैच्या सुरुवातीला सूर्य मावळतच नाही, त्यामुळे अंधाराची घाई नाही. हवा मात्र तासाभरात फिरते.

आणि कुठल्या शिखरावर? बहुतेक लोक अजूनही दक्षिणेकडेच जातात. १८८३मध्ये चार्ल्स राबो हा फ्रेंच माणूस या डोंगरावर पहिल्यांदा पोचला, तेव्हापासूनची ती सवय. उत्तर शिखराकडे जाणारी बर्फाची धार अरुंद आहे. दोर, क्रॅम्पॉन आणि गाइड नसेल तर तिकडे फिरकूही नका, भले नंबर वन तिकडे असो.

दक्षिण शिखरावर फोटो काढलात तर तारीख नक्की टाका. पुढच्या सप्टेंबरात तुम्ही उभे होतात ती जागा कदाचित हवेत असेल.