निनावी स्वस्त टॅब : खरेदीपूर्वी तोलावयाचे धोके

शेतीच्या कारभारातील कित्येक कामे आता हातातील यंत्रावर होऊ लागली आहेत. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीद्वारे स्वतःच करण्याची व्यवस्था सुरू झाली. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीसाठी लागणारी ओळख-पडताळणी २०२३ सालापासून चेहरा दाखवूनही करता येते. सात-बाराचा उतारा, बाजारभाव, हवामानाचा अंदाज आणि बँकेची देवघेव ही कामेही घरबसल्या होतात. फोनचा पडदा लहान पडतो, वयस्क मंडळींना अक्षरे दिसत नाहीत, मुलांनाही अभ्यासाला काही हवे असते. म्हणून टॅब घ्यावा असा विचार घरोघरी होऊ लागला आहे. ह्याच वेळी तालुक्याच्या बाजारात अथवा घरपोच विक्रीच्या जाहिरातीत नामवंत कंपनीच्या टॅबच्या निम्म्याहूनही कमी किंमतीत तसाच दिसणारा टॅब समोर येतो. तो घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न गावपातळीवरील कार्यकर्त्यांस वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येण्याजोगे नाही.

प्रथम निनावी म्हणजे काय, ते समजून घ्यावे. अशा टॅबवर नाव मुळीच नसते असे नाही. इंग्रजी अक्षरांची एखादी झोकदार मोहोर बहुधा असतेच. परंतु त्या नावामागे पत्ता नसतो. वस्तू कोणी बनविली, कोणी आयात केली, बिघडल्यास कोणाकडे जावयाचे, ह्यांपैकी कशाचाही उलगडा खोक्यावरून होत नाही. उलट, फारसे परिचित नसलेले परंतु पत्ता, पावती व दुरुस्तीची सोय देणारे लहान कारखानदारही आहेत. त्यांचा माल निनावी मालाच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे होईल. अप्रसिद्धी हा दोष नव्हे, बेजबाबदारी हा दोष होय.

प्रस्तुत लेखकास गतवर्षी एका गावी आलेला अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. तेथील काही शेतकऱ्यांनी मिळून बाजारातून पाच टॅब आणले. खोक्यावर साठवणशक्ती ६४ जीबी असल्याचे छापलेले होते व यंत्रातही तोच आकडा दिसत होता. अतिवृष्टीनंतर पंचनाम्याच्या वेळी दाखवावीत म्हणून एकाने आपल्या सोयाबीनची छायाचित्रे त्यावर काढून ठेवली. चार दिवसांनी उघडून पाहतो तो निम्म्याहून अधिक चित्रांच्या जागी केवळ करड्या चौकटी! पाणी तोवर ओसरले होते. ती छायाचित्रे पुन्हा काढणे शक्य नव्हते. दुकानदारास विचारावे तर पावतीच नव्हती, आणि दुकान म्हणजे बाजाराच्या दिवशी लागणारे एक पाल होते.

हे कसे घडते? टॅबच्या आत माहिती साठविणारी एक लहान चकती असते. तिची खरी शक्ती ८ किंवा १६ जीबी असता, यंत्राच्या मूळ कार्यक्रमात फेरफार करून ती ६४ किंवा १२८ दाखविता येते. खरी जागा भरेपर्यंत सर्व सुरळीत चालते. त्यानंतर नवी माहिती जुनीवर लिहिली जाते, अथवा नुसते नाव नोंदले जाऊन आतील मजकूर नाहीसा होतो. पायली म्हणून अधोलीचे माप खपविण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे माप उघडे पडण्यास काही आठवडे जातात. अँड्रॉइडची आवृत्तीही अशीच खोटी दाखविली गेल्याची उदाहरणे आहेत. फलकावर १३ लिहिलेले असते, परंतु बँकेचे ॲप उतरवू लागताच ते यंत्र जुने असल्याचे सांगून नकार देते.

ह्याची परीक्षा दुकानातच करता येते. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो आणि शक्य तर औताला जुंपूनही पाहतो. टॅबच्या बाबतीत जुंपून पाहणे म्हणजे चित्रफितींची मोठी साठवण त्यावर उतरविणे होय. छापील साठवणशक्तीपैकी निम्म्याहून अधिक जागा भरावी, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, आणि पहिली व शेवटची फीत उघडून पाहावी. ह्यास तासभर लागेल. जो विक्रेता इतका वेळ देण्यास तयार नसतो, त्याच्या मालाविषयी काय समजावयाचे ते समजावे.

त्या पाच टॅबांत दुसरीही एक उणीव निघाली, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ती अधिक अडचणीची आहे. ई-पीक पाहणीत पिकाचे छायाचित्र शेतात उभे राहून काढावे लागते व त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्यासोबत नोंदले जातात. हे स्थान उपग्रहांच्या संदेशावरून ठरते आणि त्यासाठी टॅबमध्ये जीपीएसचा स्वतंत्र भाग असावा लागतो. स्वस्त टॅबांत, विशेषतः सिमकार्डाची सोय नसलेल्या टॅबांत, तो पुष्कळदा गाळलेला असतो. असा टॅब आसपासच्या वाय-फायच्या खुणांवरून आपल्या जागेचा अंदाज करतो. शहरात तो अंदाज बरा ठरतो, पण शिवारात वाय-फाय कोठून असणार? म्हणून टॅब घेण्यापूर्वी तो उघड्या आकाशाखाली नेऊन नकाशा उघडावा व चार-पाच मिनिटे थांबावे. आपली जागा दाखविणारा ठिपका नेमका असेल तर ठीक. ठिपक्याभोवती फिकट रंगाचे मोठे वर्तुळ पसरलेले राहिले तर तो केवळ अंदाज आहे असे जाणावे. पीकनोंदणीला मुदत असते, आणि यंत्राच्या दोषासाठी ती थांबत नाही.

पडदा अंधुक असणे, आवाज घोगरा असणे, कॅमेऱ्याचे चित्र धूसर येणे हे दोष डोळ्यांना व कानांना तत्काळ कळतात. त्यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

बॅटरी व चार्जर ह्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण येथे प्रश्न जिवाचा व घरादाराचा आहे. टॅबमधील लिथियमच्या बॅटरीचा घट साधारणतः ४.२ व्होल्टपर्यंत भरावयाचा असतो. त्यापलीकडे भरणे चालू राहिल्यास तो तापतो, फुगतो व प्रसंगी पेट घेतो. हे टाळण्यासाठी घटाला जोडून एक संरक्षक मंडल बसविलेले असते. खर्च वाचविण्यासाठी तेच निकृष्ट घातले जाते किंवा वगळले जाते. चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू ह्यांच्यात पुरेसे अंतर व विद्युतरोधक आवरण असावे लागते. ते नसल्यास चार्जरला लावलेला टॅब हाताळणाऱ्यास धक्का बसू शकतो. गावातील विजेचा दाब कमीजास्त होत असतो, हेही ध्यानात घ्यावे. असा टॅब रात्रभर उशाशी भरत ठेवणे, किंवा ज्या खोलीत कापूस साठविला आहे तेथे भरणे, कधीही करू नये.

केंद्र शासनाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी काढलेल्या आदेशान्वये टॅबसह १५ प्रकारच्या विद्युत वस्तूंची भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची केली, आणि २०१४ साली चार्जर व बॅटऱ्याही त्या यादीत आल्या. विजेच्या पंपावर आपण जशी आय.एस.आय.ची खूण पाहतो, तशी येथे मानकाची खूण व ‘आर’ अक्षरापासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. हा क्रमांक कोणीही छापू शकतो, म्हणून तो ब्यूरोच्या ‘बी.आय.एस. केअर’ ह्या ॲपमध्ये घालून पडताळावा. त्यात निर्मात्याचे नाव निघते व ते खोक्यावरील नावाशी जुळले पाहिजे. सिमकार्डाचा टॅब असेल तर त्याचा १५ आकडी आय.एम.ई.आय. क्रमांक खोक्यावर, पावतीवर व यंत्रात एकच असला पाहिजे. इंग्रजीत के, वाय, एम ही तीन अक्षरे, मग थोडी जागा व तो क्रमांक असा संदेश १४४२२ ह्या क्रमांकावर पाठविला म्हणजे त्याची माहिती मिळते. चोरीच्या अथवा बनावट क्रमांकाच्या यंत्राचे जाळ्याशी संबंध केव्हाही तोडले जाऊ शकतात, आणि मग तक्रार करण्यासही तोंड राहत नाही.

परंतु मानक ब्यूरोच्या नोंदणीने विजेच्या सुरक्षिततेचीच ग्वाही मिळते, यंत्राच्या आतील कार्यक्रमाच्या सचोटीची मिळत नाही. आणि आमच्या मते निनावी टॅबचा सर्वांत मोठा धोका तेथेच आहे. कारखान्यातून बाहेर पडतानाच, किंवा वाटेत कोठेतरी, यंत्राच्या मूळ कार्यक्रमात एखादा छुपा कार्यक्रम घातलेला असू शकतो. ही नुसती कल्पना नव्हे. ‘बॅडबॉक्स’ नावाचा असा कार्यक्रम २०२३ साली उघडकीस आला. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने त्या देशातील सुमारे ३०,००० बाधित यंत्रांचा त्यांच्या चालकांशी होणारा संपर्क तोडला. मार्च २०२५ मध्ये त्याच्याच सुधारलेल्या अवताराने जगभरातील १० लाखांहून अधिक यंत्रे ग्रासल्याचे जाहीर झाले. त्यांत स्वस्त टॅब होते, दूरचित्रवाणीला जोडावयाच्या पेट्या होत्या, आणि ती सर्व यंत्रे गूगलच्या प्रमाणपत्राविना विकली गेलेली होती. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफ.बी.आय.नेही जनतेस सावधगिरीची सूचना दिली.

असा कार्यक्रम मालकाच्या नकळत जाहिराती उघडून पैसे मिळवितो. तो त्याच्या इंटरनेटच्या वाटेने परक्या भामट्यांची ये-जा होऊ देतो, आणि एकवेळचा संकेतांकही वाचून पुढे पाठवू शकतो. यंत्र ‘पूर्ववत्’ केल्याने तो जात नाही. मूळ कार्यक्रमातच असल्याने तो पुन्हा उगवतो. हरळी वरून कापली म्हणून शेत स्वच्छ होत नाही, तद्वत्. ज्या टॅबवर आधार, बँक खाते व जमिनीचे कागद एकत्र येणार, तेथे ही जोखीम किती मोठी आहे ते सांगणे नको.

ह्या बाबतीत सामान्य ग्राहकास करता येण्यासारखी एक सोपी तपासणी आहे. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातील आपल्या खात्याच्या चित्रावर बोट ठेवावे, सेटिंग्ज व मग अबाउट हे भाग उघडावेत. तेथे ‘प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन’ ह्या ओळीखाली यंत्र प्रमाणित असल्याचे लिहिलेले हवे. तसे नसेल, अथवा प्ले स्टोअरच नसून ॲप भलत्याच ठिकाणाहून उतरवून घ्या असे विक्रेता सांगत असेल, तर तो टॅब पैशांच्या कामास वापरू नये. प्रमाणपत्र असले म्हणजे सर्व भय संपले असेही नाही, परंतु नसले म्हणजे भय निश्चित आहे.

आता किंमतीचा हिशेब करू. समजा, निनावी टॅब ५,००० रुपयांस मिळाला व वर्षभर चालला. आणि जबाबदार निर्मात्याचा १२,००० रुपयांचा टॅब चार वर्षे चालला. पहिल्याचा वार्षिक खर्च ५,००० आणि दुसऱ्याचा ३,००० रुपये येतो. ह्यात हरवलेली छायाचित्रे, हुकलेली नोंदणी आणि खात्यातील रक्कम जमेस धरलेली नाही. तथापि ज्याच्या हाती आज ५,००० रुपयेच आहेत, त्यास हा हिशेब सांगून काय उपयोग? त्यास आमचे सांगणे असे की, टॅब घेतलाच पाहिजे असे नाही. शेतीची बहुतेक कामे चांगल्या साध्या स्मार्टफोनवर होतात. परिचित दुकानातून पावतीसह घेतलेला, कार्यक्रमाच्या सुधारणा अद्याप मिळत असलेला जुना नामांकित टॅब हाही एक मार्ग आहे. बचत गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने मिळून एक चांगला टॅब घ्यावा. मात्र त्यावर कोणाचेही बँक खाते उघडे राहू देऊ नये.

केवळ कमी किंमतीच्या मागे लागल्याने काय होते, ह्याचा अनुभव शासनासही आहे. विद्यार्थ्यांसाठी ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ टॅब सुमारे सव्वादोन हजार रुपयांच्या खरेदी-किंमतीचा म्हणून पुढे आला. हेतू स्तुत्य होता. परंतु मंद गती, दाबून वापरावयाचा पडदा व लवकर संपणारी बॅटरी ह्यांविषयी तक्रारी झाल्या आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, सुधारलेली आवृत्ती काढावी लागली.

खरेदी करताना छापील पावती घ्यावी व तीवर यंत्राचा क्रमांक लिहून घ्यावा. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे खोक्यावर निर्मात्याचा किंवा आयातदाराचा पत्ता, कमाल विक्री किंमत व तक्रारीसाठी संपर्क असणे आवश्यक आहे. फसवणूक झाल्यास १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर कळवावे. तेथे निवारण न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथे शुल्क पडत नाही. खात्यातून रक्कम गेल्याचे दिसताच मात्र वेळ न दवडता १९३० हा क्रमांक फिरवावा व बँकेसही कळवावे.

ज्यांनी असा टॅब आधीच घेतला आहे त्यांनी तो लगेच फेकून द्यावा असे नाही. त्यावरून बँकेची व आधारची ॲप काढून टाकावीत, मुख्य गूगल खाते हटवावे व दुसऱ्या यंत्रावरून त्याचा पासवर्ड बदलावा. मग साठविलेली गाणी व शेतीविषयक चित्रफिती पाहण्यास तो इंटरनेटशिवाय वापरावा. दिवसा, कोणी जवळ असताना, उघड्या फरशीवर तो भरावा. पाठ फुगल्यासारखी वाटली किंवा पडदा कडेने उचलला गेला, तर भरणे त्याच क्षणी थांबवावे. बॅटरी टोचू अथवा दाबू नये, उकिरड्यात टाकू नये; जळाऊ वस्तूंपासून दूर, कोरड्या वाळूच्या घमेल्यात ठेवून ती अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी.